दोऱ्याने मोजलेली कराची

मुरूडच्या बंदरावर मासळीचा लिलाव आरडाओरड्याशिवाय होत नाही. दीड महिन्यापूर्वी एका सकाळी तो जवळजवळ कुजबुजत चालला होता, आणि धर्मा तांडेल गेला हे मला कुणी सांगण्याआधीच कळलं. मी बोलघेवडा मास्तर. इतिहास शिकवताना लढाईतले दोन्ही पक्ष मीच होतो. त्या दिवशी मात्र बोलायचं म्हटलं तरी दमल्यासारखं झालं. अजून तसंच आहे.

वीस वर्षं आमचं भांडण चालू होतं. त्याने मचव्यातून सगळा किनारा पाहिलेला, मी नकाशावर. संध्याकाळी शाळेच्या पडवीत येऊन तो मला डिवचायचा, "काय मास्तर, आज समुद्र कुटं ठेवलाय तुमच्या पुस्तकानं?" जुहूहून कराचीला टपालाचं विमान जाऊ लागलं तेव्हा तर आम्हाला मेजवानीच मिळाली.

यंदा तो अंथरुणाला खिळला. एकुलता मुलगा भिवा कराचीच्या गोदीत कामाला. "पोराला बघायचं हाय," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, तार करतो.

"तार न्हाय. तार म्हंजे माणूस गेलं. पोर तिथंच हाय खाईल."

मग विमानाने पत्र धाडू, मी म्हटलं. सकाळी जुहूहून उडालं की दिवस मावळायच्या आत कराची, साडेपाचशे मैल तर अंतर. शाळेतला नकाशा आणून मी त्याच्या जाळ्याचा दोरा सरळ ताणून दाखवला. त्याने तो माझ्या हातातून घेतला आणि सबंध काठेवाडाला वळसा घालत, किनाऱ्याकिनाऱ्याने, मचवा नेतात तसा मांडला. दोरा कराचीच्या कितीतरी अलीकडे संपला.

"समुद्रावरून सरळ जातं ते, तांडेल."

"आन् दमलं तर टेकायचं कुटं? साधं पत्र टाका. आगगाडीचा भरवसा हाय."

एरवी मी दिवा लागेपर्यंत भांडलो असतो. पण घसा बसला होता, समोर माणूस खोकत होता... मी साधं पत्र टाकलं. पुढे कळलं, विमान वाटेत अहमदाबादला खरोखरच टेकतं. म्हणजे अर्धा तो बरोबर होता. तरीही ते त्याच दिवशी पोचतं.

भिवा आगबोटीने आला तो बापाला नेल्याच्या दुसऱ्या दिवशी.

परवा त्याच्या घरी गेलो होतो. चहा ओतता ओतता त्याने विचारलं, "मास्तर, विमानाचं पत्र लवकर येतं, तुमाला ठावं व्हतं ना?"

"होतं."

"मंग?"

"तुझ्या बापाशी वाद घालायचा कंटाळा आला रे."

चहाचं भांडं खाली ठेवत तो म्हणाला, "तुमी त्याला जिंकू दिलंत? मंग आपली येळ भरली, हे त्याला तवाच कळलं आसंल."

बापाच्या पितळी पेल्यातला चहा त्याने माझ्याकडे सरकवला. काठ एका बाजूला तांडेलाच्या ओठांनी झिजला होता. पेला फिरवून, ती बाजू टाळून, मी प्यायलो.