झाकायचं ते झाका

"आभाळ येतंय हो आत! झाकायचं ते झाका!"

ही आरोळी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा अंगाला साबण लावून न्हाणीत बसलो होतो. बांधकाम खात्याचा ओव्हरसियर म्हणून माझी नुकतीच इंदापूरला बदली झाली होती. राहायला सरकारी घर मिळालं होतं, आणि त्याची कौलं बदलायला त्या सकाळी माणूस येणार आहे हे मी साफ विसरलो होतो. वर बघतो तो एक कौल सरकलं आणि ऊन थेट माझ्या डोक्यावर पडलं. मी पंचा ओढून घेतला आणि तोंडाला येईल ते बोललो. वरून शांतपणे उत्तर आलं, "रावसाहेब, मी आधी वरडलो हुतो. तुमी झाकलं न्हाय, त्याला मी काय करू? आन् मी बघितलं बी न्हाय."

तो सटवा नाईक. अंगानं काटकुळा, चाळिशी ओलांडलेला, डोक्याला विटका पटका आणि कपाळाला जेजुरीचा भंडारा. अनवाणी पायांनी कौलांवरून असा चालायचा की खाली बसलेल्याला वर कोणी आहे हे कळू नये. शिडी मात्र स्वतःचीच लागायची. दुसऱ्याच्या शिडीवर चढायला सांगितलं की म्हणायचा, "शिडी आन् सासरा पारखूनच घ्यावा."

आमच्या भागात घरं धाब्याची, मातीच्या माळवदाची. कौलं असायची ती कचेरीवर, शाळेवर, दवाखान्यावर, डाकबंगल्यावर. नाहीतर ज्यांच्या उसाला कालव्याचं पाणी लागलं होतं अशा बागायतदारांच्या घरांवर. मंगळुरी कौलं भिगवण स्टेशनला मालगाडीतून उतरायची आणि बैलगाड्यांनी इंदापूर-बारामतीला पोचायची. ती बसवणारा भरवशाचा माणूस दोन्ही तालुक्यांत एकच. म्हणजे नाईकाला ज्यांच्या घरात वरून डोकावता यायचं ते सगळे बडे लोक होते, आणि तो एकदाही कुणाविषयी चकार शब्द बोलला नाही.

मी मूळचा बारामतीचा. आमच्या गल्लीतल्या एका बागायतदाराच्या माळ्यावर रेशनच्या दिवसांत साखरेची पोती दडवलेली असतात अशी कुजबुज होती. नाईकानं त्याचं छप्पर नुकतंच केलेलं. मी त्याला चहा पाजून हळूच विचारलं, "काय हो नाईक, माळ्यावर काय आहे?"

"धूळ."

"आणि धुळीखाली?"

"कौलाखालचं कौलाखाली, रावसाहेब," बशी तोंडाला लावत तो म्हणाला. "उद्या त्यांनी मला तुमच्या न्हाणीचं इचारलं, तर मी काय सांगू?"

मी त्याच्या बशीत आणखी चहा ओतला. जळ्ळी ती साखर!

नाईक जातीनं रामोशी. इंग्रजांच्या कायद्यानं त्याची सगळी जमातच गुन्हेगार ठरवलेली. पोर मोठं झालं की त्याचं नाव ठाण्यात चढायचं, आणि मग सांज-सकाळ हजेरी. इंदापूरच्या ठाण्याच्या ओसरीवर नाईक आणि त्याचा बाप रावजी कित्येक वर्षं एका रांगेत उभे राहिले. हवालदार नाव पुकारायचा, यांनी "हजर" म्हणायचं. नाईकाची आई गेली ती अशाच एका सांजेला. तो मला हे एकदाच बोलला, कचेरीच्या पिंपळाखाली भाकरी खाताना. "आई पानी मागत हुती म्हनं. शेजारणीनं धाडलेला मानूस ठाण्याच्या दारात आला, हवालदार म्हनला हजेरी सरू दे. आमी बापल्योक तितं हजर म्हनत हुतो. घरी आलो तवा तांब्या तसाच भरल्याला."

स्वराज्य आलं, पुढं तो कायदा उठला. त्या दिवशी नाईकानं खंडोबापुढं बेलभंडारा उचलला की आता ठाण्यातून बोलावणं आलं म्हणून त्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. उपाशी मरेन पण ठेवणार नाही. बाप तोवर गेलेला होता. रामोशी माणूस भंडारा उचलून बोलला की संपलं. ते आमच्याकडं पोरासोरांनाही माहीत आहे.

आणि आमच्या सरकारला बरोबर त्याच पायरीवर त्याला उभं करायची बुद्धी झाली.

त्या उन्हाळ्यात कचेरीचं छप्पर काढलं होतं. कचेरीतच तालुक्याचा खजिना. गजांचं दार, आत जमिनीत रोवलेली लोखंडी पेटी आणि वर कौलांखाली लोखंडी जाळी. नाईकानं सकाळी आरोळी दिली, कारकुनांनी दप्तरं झाकली आणि दुपारपर्यंत खजिन्यावरची सगळी कौलं उतरून अंगणात रचली गेली. तेवढ्यात टपाल आलं. अव्वल कारकुनानं वाचलं आणि चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. सरकारी इमारतीत हंगामी कामावर येणाऱ्या ठेकेदारांची पूर्वचौकशी ठाण्यामार्फत झाल्याशिवाय त्यांना आवारात घेऊ नये, पूर्वी हजेरीत असलेल्यांविषयी तर विशेष दक्षता घ्यावी, असा हुकूम होता. मामलेदार फिरतीवर गेलेले. अव्वल कारकून म्हणाला, "ओव्हरसियरसाहेब, माणूस आवारात नाही हो, खजिन्याच्या डोक्यावर बसलाय!"

फौजदार आला. नवा होता, परजिल्ह्यातला, पोट सुटलेला. अंगणात उभा राहून ओरडला, "ए सटवा! खाली ये! ठाण्यात चल, तुझी चौकशी करायचीय."

नाईक आढ्यावर बसून तंबाखू मळत होता. "चौकशी तुमाला करायचीया न्हवं? मग तुमी वर या."

"खाली ये म्हणतो ना!"

"मी खाली आलो की मला ठाण्यात न्याल. मी ठाण्यात यायचा न्हाय. हितं बसून काय इचारायचं त्ये इचारा, सगळ्या गावादेखत सांगतो."

गाव जमलंच होतं. फौजदारानं शिपाई वर पाठवायचं ठरवलं, तर शिपायानं कौलांखालच्या लाकडी पट्टीवर, पहिल्याच रिपेवर, बूट ठेवला, ती करकरली आणि तो जसा चढला तसा उतरला. दुसरा ठेकेदार आणावा तर दोन्ही तालुक्यांत कौलांना हात घालणारा कोण होता? त्यात पश्चिमेला वळवाचे ढग जमायला लागले. मी खालून हात जोडले, "नाईक, पोटापाण्याचा प्रश्न आहे. शाळा, दवाखाना, डाकबंगला, सगळी कामं जातील तुमची."

"जाऊ द्या. पोटाला ठावं हाय उपाशी ऱ्हायाचं."

बाजारपेठेतले दोन शेटजी पुढं आले. नाईकाच्या वर्तणुकीबद्दल हवी तिथं सही करतो म्हणाले. त्यांची छपरं नाईकानंच केलेली होती आणि चेहऱ्यावर कळकळीपेक्षा काळजीच जास्त दिसत होती. नाईक वरूनच हसला. "नगं शेटजी. माझ्या चालीला तुमची सही नगं. तुमी बिनघोर घरी जावा. कौलाखालचं कौलाखालीच हाय." शेटजी लालबुंद होऊन निघून गेले. मला आतून इतका आनंद झाला म्हणता!

शेवटी फौजदारालाच चढावं लागलं. टोपी काढून, धापा टाकत, चारी पायांवर तो आढ्यापाशी पोचला आणि आढं मिठीत घेऊन बसला. सगळं आवार ऐकत होतं.

"नाव?"

"सटवा."

"बापाचं नाव?"

"रावजी."

"हजेरीत होतास?"

"हुतो."

"कुठल्या गुन्ह्यासाठी?"

"जलमलो," नाईक म्हणाला.

फौजदारानं लिहायला पेन्सिल टेकवली आणि तशीच उचलली. नाईकानं पायाखाली बोट दाखवलं. "सायेब, सकाळधरनं सरकारची पेटी माझ्या पायाखाली उघड्यावर हाय. तुमचा येक बी शिपाई हितं नव्हता. ह्याच्याम्होरं आनि कसली चौकशी करता?"

फौजदारानं कागद खिशात कोंबला. पण आता त्याला उतरता येईना! खाली बघितलं की डोळे फिरायचे. नाईक पुढं झाला, त्यानं त्याचं मनगट धरलं आणि एकेक पाऊल हातानं उचलून शिडीच्या दांड्यावर ठेवत त्याला खाली आणलं. "माझ्याकडं बघा सायेब, जिमिनीकडं नगं. मी सोडत न्हाय." जमिनीवर पाय टेकल्यावर फौजदारानं कपाळ पुसलं, टोपी घातली आणि कागदावर 'वर्तणूक चांगली' असं लिहिलं. माणूस वाईट नव्हता.

पण सरकार ते सरकार! कागदाच्या तळाशी छापलेलं होतं की अर्जदारानं ठाण्यात हजर होऊन अंगठ्याचा ठसा द्यावा. मी म्हटलं, अंगठाच हवा ना, शाई इथं आणा. फौजदार म्हणाला, ते माझ्या हातात नाही. नाईकानं ऐकून घेतलं आणि परत शिडी चढला. उरलेली कौलं त्यानं दुसऱ्या दिवशी बसवून पुरी केली, कारण उघडं घर टाकून जाणं त्याच्या लेखी चोरीच होती. ढग नुसतेच गडगडून गेले. शेवटचं कौल बसल्यावर त्यानं शिडी खांद्यावर टाकली आणि मला रामराम केला. "रावसाहेब, सरकारचं छप्पर ह्ये शेवटचं."

मला इतका संताप आला की मी पुण्याला दोन पत्रं लिहिली. पहिल्याचं उत्तर आलं नाही. दुसऱ्याचं आलं, त्यात मला समज देण्यात आली होती. नाईकाची सरकारी कामं गेली ती गेलीच. सणसरला, काटेवाडीला बागायतदारांची छपरं करून तो कसाबसा भागवायचा आणि मधल्या दिवसांत ऊसतोडीला जायचा. मी कधी रस्त्यात भेटून हळहळलो तर उलट मलाच झापायचा, "तुमी कशाला त्वांड पाडता? वरनं बघितलं की मामलेदाराचं टक्कल आन् शिपायाचं टक्कल सारखंच दिसतं. माझं काय बिघाडलंय?"

नंतरच्या उन्हाळ्यात ठाण्याचं छप्पर निघालं. पुण्याहून आलेला, दाखले-बिखले सगळे चोख असलेला ठेकेदार होता. त्यानं केलेल्या छपरातून पहिल्याच पावसात फौजदाराच्या टेबलावर धार लागली. दुसऱ्यांदा कौलं बसवली, दुसऱ्यांदा धार लागली. फौजदारानं शिपाई पाठवून नाईकाला बोलावलं. नाईक म्हणाला, "बोलवल्यावर यायचं न्हाय, असं ठरल्यालं हाय." तेव्हा फौजदार माझ्याकडं आला. मी म्हटलं, चला, स्वतः जाऊ. आणि आम्ही दोघं चिखलातून रामोशी आळीत नाईकाच्या दारात जाऊन उभे राहिलो.

नाईक उंबऱ्यावर बसला होता. उठला नाही. फौजदाराकडं नीट वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "नाव?"

मला ठसका लागला. फौजदारानं टोपी काढली आणि नाव सांगितलं.

"बापाचं नाव?"

तेही सांगितलं.

"गावात वळखीची दोन बरी मानसं?"

"एक हे ओव्हरसियर," फौजदार म्हणाला, आणि जरा थांबून, "आणि दुसरे तुम्ही, नाईक."

नाईकानं मान हलवली. "बरं. ठसा नगं. पर मी दारातनं यायचा न्हाय. शिडी मागल्या अंगानं, रस्त्यावरनं लावीन. आन् जाताना बी तसाच जाईन."

नाईक जाऊन आता बरीच वर्षं झाली. माणूस आठवायचा तर मला तो त्या सकाळचाच आठवतो. ठाण्याच्या कुंपणाबाहेर, भर रस्त्यावर त्यानं शिडी टेकवली, पायरीकडं ढुंकूनही बघितलं नाही आणि सरसर वर गेला. ओसरीच्या बरोबर वर उभा राहिला आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "आभाळ येतंय हो आत! झाकायचं ते झाका!"

आत धावपळ उडाली. कौलं निघाली, आणि ज्या ओसरीवर हजेरी चालायची तिच्यावर लख्ख ऊन पडलं. नाईक आढ्यावर उकिडवा बसून खाली बघत राहिला. मग अगदी जुन्या हवालदारी थाटात, एकेक अक्षर ताणत त्यानं पुकारलं, "म्हादू हवालदाऽर!"

म्हादू हवालदार नोकरीच्या शेवटाला आलेला. पूर्वी ती हजेरी घेणारा तोच. त्याच्या तोंडून सवयीनंच निघून गेलं, "हजर!" शिपाई खो खो हसले.

"फौजदारसायेऽब!"

फौजदार हसू दाबत म्हणाला, "हजर."

"रावजी बिन खंडूऽ, रामोशी!"

हसणं थांबलं. नाईक थांबला, हवालदार थांबायचा तेवढाच. मग स्वतःच म्हणाला, "मयत."

म्हादू हवालदारानं मान खाली घातली. वरून शेवटचं नाव आलं.

"सटवा बिन रावजीऽ, रामोशी!"

आम्ही सगळे वर बघत होतो. नाईक उठून उभा राहिला, ठाण्याच्या डोक्यावर दोन्ही पाय घट्ट रोवून.

"गैरहजर," तो म्हणाला. "लिवून घ्या, हवालदार."