कंदीलपुष्पांची साफसफाई

आधी हातातला चहा संपवा, नाहीतर माझा पराक्रम ऐकून ठसका लागेल. आणि हसू नका. गारगोटीच्या बाजारात आधीच पुरेसे लोक हसतायत!

आमच्या गावाच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट माळावर, कंदीलपुष्प उगवतं. इवल्या कंदिलासारखं फूल. फार थोड्या ठिकाणी उरलंय म्हणे. ते राखायला गावानं समिती केली आणि अध्यक्ष मी. का? तर माझा आवाज मोठा! पावसाळ्यात सड्यावर गुरं न्यायची नाहीत, असा ठराव केला. पांडूतात्यांच्या म्हशी तर मी स्वतः माघारी हाकलल्या, त्याही भांडून.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नव्हती. ते रोप मी कधी बघितलंच नव्हतं! कोल्हापूरच्या कॉलेजातल्या मॅडम रोपांना खुणा करायला आल्या, त्या दिवशी मी गारगोटीला गेलतो. कशाला? अध्यक्षांचा शिक्का बनवायला.

पुढं कळलं, मॅडम विद्यार्थ्यांना फुलं दाखवायला येणार. सकाळीच सड्यावर गेलो, तर गुडघाभर गवत. पावणं येणार आणि हे असलं रान? घेतला विळा, केलं सपाट! मध्येमध्ये लाल चिंध्या बांधलेल्या काटक्या रोवलेल्या. पोरांचा खेळ असणार! त्या उपटून पावण्यांच्या चहासाठी तिथंच मांडलेल्या चुलीत घातल्या. वैरणीचा भारा घरी म्हशीपुढं टाकून आलो.

मॅडम पोरांना घेऊन आल्या, मागनं गावही जमला. हातात चहाचा कप घेऊन सगळा सडा न्याहाळला.

"माझ्या खुणेच्या काटक्या कुठायत हो?"

मी त्यांच्या कपाकडं बघितलं. "मॅडम, त्यावरच चहा झालाय."

"आणि रोपं?"

"ती गवताबरोबर आमच्या म्हशीपुढं गेली." पांडूतात्या पुढं सरकलेच.

"अध्यक्ष, आमच्या म्हशींस्नी बंदी, आन् तुमच्या म्हशीला घरपोच व्हय?"

घराकडं पळालो. सगळी वरात मागनं. गव्हाण चाटूनपुसून साफ! वर आमची बायको म्हणते, "आवं, आज लई गोडीनं खाल्लं बघा तिनं."

मॅडम पायरीवरच बसल्या. डोळे भरलेले. "बी धरायच्या आतच गेली हो सगळी." तेव्हा मात्र मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांवर ओरडणारा मी, आणि घात माझ्याच हातानं!

मग त्यांनी हळूच विचारलं, "मुळासकट उपटलीत का?"

"न्हाय, न्हाय! नुसतं कापलंय."

"मग कंद असतील जमिनीत. पुढच्या पावसात फुटतील. तोवर तिथं कुणाला फिरकू देऊ नका."

गावानं कुंपण घातलं. आणि यंदा आली की फुलं! सगळा गाव बघून आला, पांडूतात्या तर दोनदा.

मी? मी अजून बघितलेली नाहीत. कुंपणावर तात्यांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवलीय: 'गुरांना व अध्यक्षांना प्रवेश बंद.' आणि खाली शिक्का माझाच!