बाबांच्या कमरेची पेटी

म्हसा गावाच्या पुढे, डोंगराखाली माझं माहेर. तिथे फोन लागत नाही. पण रानातल्या झाडांना आमच्या वणवा-सूचना प्रकल्पाने लहान लहान पेट्या बांधल्यात. हवा किती तापली, धूर आहे का, एवढंच त्या कळवतात, आणि तेही विमानांच्या वर तरंगणाऱ्या एका फुग्याला. तो फुगा कुणाला दिसत नाही. तो ते सगळं किन्हवलीला, माझ्या सासरच्या गावातल्या आमच्या ऑफिसात पाठवतो. पडद्यावरचे हिरवे ठिपके बघत बसणं हे माझं काम. आग लागली की ठिपका लाल होतो, पेटी जळली की करडा.

आता आमची माणसं म्हणजे काय सांगावं! उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजायचाच. शेण, पालापाचोळा, ऐनाचे टहाळ रचून पेटवायचे. धूर निघाला की पेटी बोंबलायची आणि जंगलवाल्यांची गाडी धुरळा उडवत यायची. मग गावाने शक्कल काढली. राब लावायच्या आधी जवळच्या झाडाची पेटी सोडायची, कमरेला बांधायची, आणि धूर येणार नाही अशा बाजूला जाऊन बसायचं. राब विझला की पेटी परत झाडाला. "वासरावानी सांभाळतो गो तुजी पेटी," बाबा म्हणायचे. मी चिडायचे, ते हसायचे.

त्या दिवशी बाबा वरच्या शेतात राब भाजणार होते, एकटेच. मी दुपारी जेवून पडद्यापुढे बसले तर कड्याजवळचा ठिपका लाल. बघता बघता त्याच्या खालचा लाल झाला, वरचा करडा. वणवा वाऱ्यावर खाली, आमच्या शेताकडे येत होता. जंगलवाल्यांना फोन केला, तर त्यांची माणसं दुसऱ्याच डोंगरावर. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी! गावात कुणाचा फोन लागेना.

बाबांच्या शेताजवळचा ठिपका मात्र हिरवा होता. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, चला, तिथवर आग पोचली नाही. पण ती पेटी झाडाला कुठे होती? ती माझ्या बापाच्या कमरेला होती. पडद्यावरचा तिचा तापमानाचा आकडा म्हणजे त्यांच्या अंगाला लागणारी धग. तो आकडा चढायला लागला. थोडा उतरला, परत चढला. "बाबा, पळा हो!" मी पडद्यावर ओरडले. झाडांचं त्या मेल्या फुग्याला सगळं ऐकू येत होतं, पण माझं एक अक्षर तो खाली पोचवत नव्हता. ठिपका लाल झाला. मग करडा.

नवऱ्याने मोटारसायकल काढली. वाटेत तो "काय नाय होणार गं" म्हणत राहिला आणि मी त्याच्या पाठीवर बुक्के मारत राहिले. मला बाबा जळताना दिसत होते, डोळे मिटले तरी दिसत होते.

पोचलो तेव्हा माणसं ओल्या फांद्यांनी आग झोडपत होती. बाबा ओढ्याकाठी बसलेले, दोन्ही हात पाण्यात. जिवंत! मी त्यांच्या गळ्यात पडून रडले, आणि मग संतापले. "ओढा इतका जवळ, मग लगेच उतरला का नाहीत?"

"उतरलोच होतो," ते म्हणाले. "मंग आठावलं, पेटी माज्याच कमरेला. झाडावर नाय गावली तं तुला हापिसात बोलतील ना गो. म्हून परत वर गेलो."

मी त्यांच्या कमरेकडे बघितलं. पेटी नव्हती.

"नीट बांधली हां. दोन गाठी मारल्या," ते म्हणाले, आणि मला पाणी पाजायला सांगितलं, कारण त्यांना तांब्या धरवत नव्हता.