नजरेचं माप

मास्तरांना परदेशात येऊन पाच वर्षं झाली होती, पण या पाच वर्षांत त्यांनी परदेश पाहिला तो बहुतेक गुडघ्याखालचा. एक तर ते ज्या शिंप्याच्या दुकानात कामाला होते ते तळघरात. मशीनसमोरच्या आडव्या खिडकीतून दिवसभर दिसायचे ते रस्त्यावरून जाणाऱ्यांचे बूट. आणि काम म्हणाल तर तेही तसलंच. कुणाची पॅन्ट आखूड करा, कुणाची चेन बदला, कुणाच्या कोटाचं सुटलेलं अस्तर टाचून द्या. नवं कापड कापून नवा कपडा शिवून घ्यायला तिथे कुणी येतच नसे. आपल्या देशात स्वतःच्या दुकानात वीस वर्षं कात्री चालवलेल्या माणसाने इथे लोकांच्या पॅन्टचे पाय दुमडत बसायचं, म्हणजे हेडमास्तरांनी शाळेची घंटा वाजवत बसण्यासारखं होतं. पण मास्तर कुरकुर करणाऱ्यांतले नव्हते. तिकडे दुकान चालेना म्हणून आले, आणि आले म्हणून राहिले.

नवा कपडा ते वर्षातून एकदाच शिवायचे, मुलीसाठी. त्यातही मास्तरांच्या घराण्याची एक रीत होती. गिऱ्हाइकाला टेप लावायचा, घरच्या माणसाला नाही. त्यांच्या वडिलांनी आईची पोलकी जन्मभर नुसत्या नजरेने बेतली आणि एकदाही काख घट्ट झाली नाही, असं घरात मोठ्या अभिमानाने सांगितलं जाई. आईला कुणी विचारलं होतं की नाही, देव जाणे.

मुलगी चौदाची असताना मास्तर निघाले. कागदपत्रांच्या घोळात परत एक चक्करही झाली नाही. पण दर वाढदिवसाला तिच्यासाठी एक ड्रेस जायचा. मास्तर उंचीत दर वर्षी दोन बोटं वाढवायचे, खांद्यात अर्धं बोट, आणि आत शिलाईला भरपूर माया, म्हणजे जादा कापड, ठेवायचे. उरलेल्या कापडाचे तुकडेही घडी करून पार्सलात घालायचे, कारण गिऱ्हाइकाचं चिंधीभर कापडही ठेवून घ्यायचं नाही, ही वडिलांची दुसरी शिकवण. ड्रेस पोचला की यांचा फोन. "बसला का गं?" तिकडून उत्तर ठरलेलं, "एकदम फिट, बाबा!" मग मास्तरांची छाती दोन इंच फुगायची.

या वर्षी वाढदिवसाचा ड्रेस जाऊनही आणखी एक शिवायचा होता. मुलीचा डिप्लोमा झाला होता आणि एक तारखेपासून ती पहिल्या नोकरीवर जाणार होती. "पहिल्या दिवशी तुमच्या हातचाच घालणार," असं तिने सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून मास्तर हवेत होते. खोलीवरच्या एका दोस्ताचा मेहुणा गुरुवारी तिकडे विमानाने जायचा होता, पार्सल त्याच्याबरोबर जाणार होतं. म्हणजे बुधवारपर्यंत ड्रेस तयार हवा.

खोलीवर मास्तर धरून तिघं. एक सामानाची गाडी चालवणारा. त्याला सगळे शॉर्टकट म्हणत, कारण त्याला प्रत्येक ठिकाणी जायचा जवळचा रस्ता ठाऊक असे आणि त्या रस्त्याने हमखास उशीर होई. मेहुणा त्याचाच. दुसरा हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला होता. रोज तीनशे माणसांचं बिनमिठाचं जेवण करायचा, म्हणून तो शेफ. मोठं शहर बघायला जायचं, असं हे तिघं दोन वर्षं म्हणत होते. कधी याची सुट्टी नाही, कधी त्याची. शेवटी मास्तरांच्या मालकिणीने दुकान रंगवायला काढलं, बाकी दोघांनी रजा टाकल्या, आणि शनिवारी सकाळी तिघं एकदाचे गाडीत बसले.

"मास्तर, आधी म्युझियम," शॉर्टकट म्हणाला.

"आधी कापड," मास्तर म्हणाले. मोठ्या शहरात कापडाच्या दुकानांची एक अख्खी गल्ली आहे, हे त्यांनी मालकिणीकडून काढून घेतलं होतं. मास्तरांच्या लेखी सहल होती ती एवढीच.

त्या गल्लीत गेल्यावर मास्तर वेगळेच झाले. एरवी रस्ता ओलांडताना शेफचा दंड धरणारा हा माणूस, इथे एकामागून एक ताके उलगडायला लावत होता, कापड चिमटीत चोळून बघत होता, उजेडाला धरत होता. अकराव्या दुकानात मनासारखा मोरपंखी मिळाला. दुकानातल्या बाईंनी खुणेने विचारलं, मुलगी केवढी? मास्तरांनी हात आपल्या खांद्याशी धरला. मग जरा विचार करून चार बोटं वर नेला.

"मास्तर, फोन करून विचारा ना सरळ," शेफ म्हणाला. "उगाच कापड वाया जायचं."

"माझ्या पोरीचं माप मी फोनवर विचारू?" मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की शेफने पुढचा शब्द गिळला.

दुपारपर्यंत शॉर्टकटने दोघांना इतकं चालवलं की पायांचे तुकडे पडायची वेळ आली. म्युझियम जवळच्या रस्त्याने गाठताना तीन पूल लागले, त्यातला एक दोनदा. शेवटी तिघं हॉटेलच्या खोलीवर येऊन आडवे झाले. भिंतीवर दारभर टीव्ही होता. शॉर्टकटने लगेच त्याला आपला फोन जोडला आणि सकाळचे फोटो दाखवायला लागला. शेफ प्रत्येक फोटोत डोळे मिटलेलाच होता.

"मास्तर, तुमचा द्या आता. मागच्या महिन्यात वाढदिवस झाला ना पोरीचा? बघू की आमची पुतणी."

मास्तरांनी फोन दिला. मुलीचा फोटो भिंतीवर आला, डोक्यापासून पायांपर्यंत. अंगात यंदाचा हळदी रंगाचा ड्रेस. एक हात वर करून ती हसत होती.

"अरे, मोठीच झाली की!" शेफ म्हणाला. "काय छान दिसतेय."

मास्तर उठून बसले. मग टीव्हीच्या जवळ गेले. हा फोटो त्यांनी फोनवर पन्नासदा पाहिला होता, पण फोनवर ते चेहराच बघत. आता चेहरा राहिला बाजूला. ड्रेसच्या खालच्या घेरावर, कडेपासून चार बोटं वर, एक फिकी आडवी रेघ होती. ती त्यांच्या दुमडीची जुनी घडी. म्हणजे कुणीतरी दुमड सोडून उंची वाढवली होती. कडेच्या शिलाईशेजारी सुईच्या बारीक भोकांची दुसरी ओळ. आणि वर केलेल्या हाताखाली, बगलेत, सैल व्हावं म्हणून जोडतात तसा चौकोनी तुकडा, कळी लावलेली. कापड तेच. पार्सलात घातलेल्या तुकड्यांतलं.

आपला ड्रेस कुणीतरी उसवलाय. पोरीला तो बसलाच नव्हता. आणि "एकदम फिट, बाबा" हे? यंदाचंच खोटं, की पाचही वर्षांचं?

"काय झालं?" शॉर्टकटने विचारलं.

"काही नाही. टीव्ही मोठा आहे," मास्तर म्हणाले आणि फोन काढून घेतला.

संध्याकाळी तिघं नदीकाठी फिरले. दिव्यांची रांग पाण्यात पडली होती, लोक कठड्याला रेलून उभे होते, वारा छान होता. मास्तरांचं कशात लक्ष नव्हतं. त्यांना सारखा दिसत होता तो त्यांच्या घरामागच्या बोळातला शिंपी. लेडीज स्पेशल अशी पाटी लावून वाकडे गळे शिवणारा. त्याच्यापुढे आपल्या बायकोने दर वर्षी आपला ड्रेस नेऊन टाकला असेल, आणि त्याने तोंडातली टाचणी काढून म्हटलं असेल, "काय हो वहिनी, मास्तरांनी शिवला का हा?" या विचाराने मास्तरांचे कान गरम झाले.

पण राग ओसरल्यावर खाली जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं. मोरपंखी कापड पिशवीत होतं. उद्या परत गेलं की कापायचं. नजरेने कापलं तर पोर पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी पुन्हा उसवलेलाच ड्रेस घालून जाणार आणि संध्याकाळी पुन्हा "एकदम फिट" म्हणणार. आणि माप मागायचं, तर माझी मुलगी आता केवढी आहे ते मला माहीत नाही, असं स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. बापाला ते कसं जमायचं? गिऱ्हाइकाचं माप चुकलं तर बोहनी गेली म्हणून सोडून देता येतं. इथे सोडून कुणाला द्यायचं? मास्तरांना मनापासून वाईट वाटलं, आणि ते कुणाला सांगताही येईना.

रविवारी सकाळी शॉर्टकटने घड्याळाचा उंच मनोरा चढायचा बेत काढला. मास्तर म्हणाले, "माझे गुडघे नको म्हणतात. तुम्ही जा. मी बसतो खाली." दोघं तिकीट काढून आत गेले. मास्तर समोरच्या बागेत बाकावर बसले. त्यांनी म्युझियमचं कालचं तिकीट पालथं करून मांडीवर ठेवलं, खिशातून पेन्सिल काढली आणि घरी व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा! फिरायला गेलात ना? दाखवा की शहर."

"शहर कुठे पळून जात नाही. तू आधी टेप घे."

"कशाला?"

"माप घ्यायचंय."

"माझं? आपल्यात घेत नाहीत ना?"

"घेत नव्हते," मास्तर म्हणाले. "आईला बोलाव मोजायला."

"आई बाजारात गेलीय. थांबा, मीच घेते." तिने फोन कपाटाला टेकवून ठेवला, टेप आणला आणि आरशासमोर उभी राहिली. "लिहा. उंची त्रेचाळीस. खांदा पंधरा. छाती चौतीस. कंबर तीस. सीट अडतीस. मुंढा साडेसात. बाही…"

मास्तरांची पेन्सिल थांबली. गिऱ्हाइकं माप सांगताना कंबरेपासून सुरुवात करतात आणि कंबरेला थापा मारतात. उंची, मग खांदा, मग छाती, हा क्रम मास्तरांच्या वहीतला होता. आणि बाही जोडतात तो मुंढा, हा शब्द तर गिऱ्हाइकाच्या तोंडी कधी येत नाही.

"बगलेतली कळी कुणी लावली?" त्यांनी विचारलं.

टेप तिच्या हातातच राहिला. "दिसली?"

"टीव्हीवर दिसली."

"मीच लावली," ती म्हणाली. मग एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बोलून गेली. "पहिल्या वर्षीचा खांद्याखाली उतरलाच नाही, बाबा. मी एकदम वाढले होते. आई म्हणाली, त्यांना कळू देऊ नकोस, तिकडे एकटे आहेत, जिवाला लावून घेतील. त्या बोळातल्या काकांकडे द्यायचं तर तुम्हाला आवडलं नसतं. मग मीच बसले तुमच्या मशीनवर. दोन सुया मोडल्या. तुम्ही कसं शिवलंय ते बघत बघत उसवायचं आणि मग तसंच परत शिवायचं. आत माया भरपूर असायची, म्हणून जमत गेलं. यंदा ती पुरेना, म्हणून कळी."

समोर मनोऱ्यावरून शेफ हात हलवत होता, ते मास्तरांना दिसलं नाही. पाच वर्षं आपण पोरीकडून फसवले गेलो म्हणून चिडावं, की आपण घरात नसताना पोर आपल्याच शिलाया उसवून आपलं काम शिकली म्हणून आनंद मानावा, ते त्यांना ठरवता येईना. दोन्ही एकदमच झालं.

"कळी तिरकी लागलीय," ते म्हणाले.

ती हसली. "माहितीये. बाकी कुणाला कळत नाही."

"हात चांगला आहे तुझा." मास्तरांनी पिशवीतल्या कापडावर हात ठेवला. "मग असं करू. मी कापड तसंच पाठवतो. तुझं माप तुझ्या घरी आहे. तूच काप, तूच शीव."

"नाही."

"का? तुला येतं की सगळं."

"येतं म्हणून काय झालं?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "बाबा, पाच वर्षं तुमचा प्रत्येक ड्रेस मी उसवलाय. मला एक तरी तुमच्या हातचा घालायचाय. जसा येईल तसा."

बागेतून माणसं येत-जात होती. मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला.

"खांदा किती म्हणालीस?"

"पंधरा."

"नीट मोज. इकडच्या टोकापासून त्या टोकापर्यंत."

तिने पुन्हा टेप धरला. "पंधराच आहे, बाबा."

मास्तरांनी तिकिटाच्या पाठीवर पंधरा लिहिलं. त्यांच्या मनात साडेतेरा होतं.