काकांचं बंद केलेलं खातं

"काय दाबलं?"

नमस्कार नाही, या-बसा नाही. दारात कुणी उभं राहिलं की मान वर न करता काका एवढंच विचारायचे. मेल जात नाही म्हणा, पासवर्ड चालत नाही म्हणा, आपणच काहीतरी भलतं दाबलं असणार याबद्दल त्यांना शंका नसे. आणि वैताग असा, की बहुतेक वेळा ते खरंच असायचं.

परभणीच्या एमआयडीसीत आमची शेतीची अवजारं बनवणारी कंपनी. तिचा मेल सर्व्हर काका सांभाळायचे. जुन्या स्टोअरच्या खोलीत ते मशीन, मशीनसाठी एसी, आणि एसीत मे महिन्यातही स्वेटर घालून बसलेले काका. रोज बोरीहून एसटीनं यायचे. आल्या आल्या मशीनला हाताची पालथी बाजू लावून बघायचे, पोराचा ताप बघावा तसं. बासष्ट माणसांचे मेल त्या खोलीतून जायचे आणि बासष्टांशीही काका सारख्याच तुसडेपणानं वागायचे.

एकदा डीलरांना पाठवलेले आमचे सगळे मेल परत यायला लागले. बाहेरच्या सर्व्हरांनी आम्हाला कचरा पाठवणारे ठरवून काळ्या यादीत टाकलं होतं. दोन दिवस काका धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सापडलं. डिस्पॅचच्या एका गृहस्थांनी 'तुमचा मेलबॉक्स भरला आहे' अशा खोट्या मेलला भुलून पासवर्ड देऊन टाकला होता, आणि कुणी चोर त्यांच्या नावानं हजारो मेल सोडत होता. काकांनी त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं.

"घराची चावी मागितली तर देताव का कुणाला? मंग ही कामून दिली?"

पन्नाशीचा माणूस, घरात सून आलेली, खाली मान घालून उभा. आम्ही हसलो. मीही हसले.

मग माझी पाळी आली. तिसऱ्यांदाही माझ्या पोटात राहिलं नव्हतं. पुण्याच्या बहिणीला, सरोजला, डॉक्टरचे रिपोर्ट पाठवायचे होते. पत्त्यात 'सर' एवढं टाइप केलं, खाली 'सर्व कर्मचारी' आलं, आणि सुजलेल्या डोळ्यांनी मी तेच निवडलं. रिपोर्ट, आणि त्याखाली सासूबद्दल लिहिलेलं सगळं, अख्ख्या कंपनीला गेलं.

धावत काकांकडे गेले. सहाच जणांनी उघडलं होतं, काकांना पडद्यावर दिसत होतं. बाकीच्यांच्या खात्यातून तो मेल काढून टाकणं त्यांच्या हातात होतं. दोन मिनिटांचं काम.

"दुसऱ्याच्या खात्यात हात घालायचा तर मालकाची सही लागती," ते म्हणाले.

मालक हैदराबादला गेलेले. "काका, हात जोडते."

"कामून रडायलाव मॅडम? रडून मेल वापस येत न्हाई."

नियम मालकाचाच होता, हे खरं. पण नियम माणसासमोर बोलायचाही एक सूर असतो की नाही, तुम्हीच सांगा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला दोन डॉक्टरांचा आणि एका बुवाचा पत्ता मिळाला होता. त्या दिवसापासून काकांचं तोंड बघितलं की माझं टाळकं फिरायचं.

वर्षभरानं मालकांचे जावई आले. "हे मशीन कशाला पोसायचं?" म्हणाले. मेलचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं, काकांना महिन्याची मुदत दिली, आणि नवं काम माझ्या गळ्यात मारलं. शिकवायचं काकांनीच. आणि माणूस बघा कसा, जीव तोडून शिकवलं! वहीत रेघोट्या मारून, तेच तेच चार वेळा. "आला मेल, परत गेला मेल, सगळ्याची लॉगात नोंद राहती मॅडम. माणूस खोटं बोलंल, लॉग बोलत न्हाई."

शेवटच्या संध्याकाळी त्यांचं खातं मी त्यांच्यासमोरच बंद केलं. "दाबायच्या आधी नाव वाचा," एवढंच म्हणाले. मी वाचलं आणि दाबलं.

आता त्यांची चूक ऐका. आयुष्यभर या माणसानं दुसरा पत्ताच ठेवला नव्हता. फुकटच्या मेलची त्यांना शिसारी. गॅस, बँक, पोरीचा नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म, सगळीकडे कंपनीचाच पत्ता. मोबाईल नंबरही कंपनीचाच, तोही जमा केलेला.

पंधरा दिवसांनी, मंगळवारी, ते गेटवर आले. वॉचमननं आत सोडलं नाही, म्हणून मी खाली गेले. पोरीचा नांदेडच्या कॉलेजात नंबर लागला होता. जागा पक्की करायची लिंक मेलवर येणार होती. शुक्रवारी पाचपर्यंत ती दाबली नाही तर जागा दुसऱ्याला. कॉलेजात विचारलं तर 'मेल बघा' एवढंच सांगत होते.

"ताई, चार दिस खातं चालू करा. पोरगी लय हुशार हाय." मॅडमची ताई मी पहिल्यांदाच झाले.

"बघते, काका," म्हणाले. वर आले आणि चहा मागवला.

मला कुणाची सही लागत नव्हती. बुधवारी अकराला कॉलेजचा मेल आला आणि 'असा पत्ता नाही' म्हणून आमच्या दारातून परत गेला. गुरुवारी पुन्हा. शुक्रवारी सकाळी शेवटची आठवण. तिन्ही नोंदी मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

रोज शेजाऱ्याच्या मोबाईलवरून त्यांचा फोन यायचा. "आला का ताई?"

"नाही आला."

"लॉग बघितला?"

"बघितला. काहीच नाही."

"मंग त्यांनी पाठवलाच नसंल." मला त्यांनी स्वतः शिकवलं होतं. माझ्या बघण्यावर त्यांचा विश्वास होता.

सोमवारी ते नांदेडला जाऊन भांडले. कारकून म्हणाला, पाठवलाय. हे म्हणाले, आमच्या ताईनं लॉग बघितलाय, तुमी खोटं बोलायलाव. शेवटी शिपायानं बाहेर काढलं. हे सगळं त्यांनीच मला फोनवर सांगितलं, आणि वर म्हणाले, "तुमाला लय तकलीफ दिली." तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. लाजेनं मेले होते मी, पण लाजेपेक्षा भीती मोठी निघाली.

पोरीचं उन्हाळ्यात लग्न लावून दिलं. बोरीच्या मांडवात काकांनी मला पहिल्या रांगेत बसवलं आणि येईल त्याला सांगत सुटले, "ह्या ताई. पोरीसाठी तीन दिस लॉग बघत बसल्या." काकूंनी माझी ओटी भरली. "देव तुमचं बी बघंल," कानाशी म्हणाल्या. म्हणजे माझ्या रिपोर्टांचं काकांनी घरी सांगितलं होतं. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

पोरगी पाया पडायला वाकली. मुंडावळ्या सावरत हळूच म्हणाली, "ताई, पुढच्या साली फॉर्म परत भरता येतो ना?"

"येतो," मी म्हणाले. तोवर सासूनं तिला दंडाला धरून पुढच्या पाहुण्यांकडे वळवलं होतं. पलीकडे पंगतीत काका माझं ताट वाढून, त्यावर दुसरं ताट झाकून, मला शोधत होते.