आबांनी कापलेला एक गुण

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात खडू होता. धुळ्यातल्या माझ्या क्लासची दुपारची बॅच समोर बसली होती आणि फळ्यावरच्या निबंधाला मी नुकताच पूर्णविराम दिला होता. जळगावहून आबांच्या सूनबाई, वैशालीवहिनी बोलत होत्या. "आबा गयात वं... खुर्चीवर बठेल व्हतात. चहा तसाच पडेल शे, वर साय धरी गई." मी वळून फळ्याकडे पाहिलं आणि खडू खाली ठेवला. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. कुणी सांगितल्या तर मी तोंडावर हसते. पण त्या फळ्यावर काय होतं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

परदेशी कॉलेजांच्या प्रवेशपरीक्षेत निबंधाचा भाग असायचा. अर्ध्या तासात एका प्रश्नावर मत मांडायचं आणि उदाहरण द्यायचं. त्याची तयारी आबा करून घेत, जळगावात, मेहरूणच्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत. इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. मांडीवर किल्लीचं घड्याळ, खिशात हिरवं पेन. आम्ही एरंडोलकडची पोरं इंग्रजीला बिचकायचो. ते म्हणत, "पहिले आपली बोलीमा सांग, मंग इंग्रजीमा लिख." उदाहरण खरं की खोटं हे परीक्षक तपासत नाही, हे मात्र आम्हाला लगेच कळलं होतं. मग काय, माणसं मारायचा सपाटाच लावला आम्ही! कुणाच्या निबंधात आजी गेलेली, कुणाच्या निबंधात मामा. धडधाकट मामा दारात मोटारसायकल लावून भाच्याची वाट बघतोय आणि आत कागदावर त्याचं तेरावं. आबा भडकत. "जितं माणूस कागदावर मारू नका. गुण मिळतील, पण झोप लागायची नाही."

आणि मी नेमकं तेच केलं. नुकसान माणसाला काही शिकवतं का, असा प्रश्न होता. वीस मिनिटं गेली तरी डोक्यात काही येईना. समोर वेताच्या खुर्चीत आबा डोळे मिटून बसलेले... मी त्यांनाच मारलं. फोन येतो, सर खुर्चीतच गेलेले, शेजारच्या चहावर साय धरलेली... एवढं लिहिलं आणि गजर झाला. आबांनी वाचलं, खो खो हसले आणि मग हिरव्या पेनने वर आकडा टाकला. "सहापैकी पाच. शेवट नाही, म्हणून एक कापला. पुरा करून आण."

तो कागद मी त्यांच्याकडेच सोडला आणि शेवट काही आणला नाही. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पुढे माझं परदेशी जाणं राहिलं आणि मी धुळ्यात याच निबंधांचा क्लास काढला. दर दिवाळीत भेटायला गेले की आबा विचारत, "शेवट लिहिला का?" मी म्हणायचे, "नाही, आणि लिहिणारही नाही." "बरं शे," ते हसत, "तोवर मी शे." शेवट लिहीत नाही तोवर ते आहेत, ही आमची दोघांची थट्टा होती. निदान मी तरी थट्टाच समजत होते.

त्या दुपारी माझ्या मुलांना शेवट काही केल्या जमेना. मी चिडले. "नीट बघा आता," म्हणत तोंडपाठ असलेला तोच निबंध फळ्यावर घेतला आणि रागाच्या भरात पुराही करून टाकला. चार ओळी, पूर्णविराम... आणि फोन.

जळगाव येईपर्यंत बसमध्ये मी स्वतःला शिव्या घालत होते. वहिनींना सगळं सांगितलं. मीच मारलं हो आबांना, म्हणून लहान पोरीसारखी रडले. त्या उठल्या. आत जाऊन त्यांनी एक पिवळा पडलेला कागद आणला. "चहाना आधी त्यासनी हाऊ कागद मांगी लिधा. हिरवा पेन बी. कितला वरीस व्हयनात, त्या पेनले हात लायेल नव्हता..." चहाआधी आबांनी मागून घेतलेला तो कागद म्हणजे माझाच निबंध होता, घडीवर फाटलेला. शेवटाची जागा अजून कोरीच होती. वर मात्र पाचावर काट मारलेली, आणि शेजारी हिरव्या शाईत ताजे लिहिलेले सहा.

आबांचं घड्याळ वहिनींनी मला दिलं. क्लासमध्ये आता त्यावरच वेळ लावते. परवा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, त्या दिवशीचा शेवट परत सांगा ना, उतरवायचा राहिला." मी घड्याळाला किल्ली देत आठवून पाहिलं. चारातली एकही ओळ आठवेना. सगळ्यांच्या वह्या मागवल्या. प्रत्येकाचा निबंध चहाच्या सायीपाशी थांबलेला. माझ्या त्या चार ओळी कुणी वाचल्याच असतील, तर त्या एकट्या आबांनी.