महिपतचा सत्कार

महिपत तांडेल दोर धरून बसला की त्याच्याशी बोलायचं नाही, हे आमच्या बंदरावर सगळ्यांना ठाऊक होतं. नांगर खडकात अडकला किंवा जाळं होडीच्या पंख्यात गुंतलं, की कुणीतरी कमरेला दोर बांधून बुडी मारायचं आणि दोराचं दुसरं टोक महिपतच्या हातात द्यायचं. खालून हिसका आला की माणूस एका दमात वर. दोर हातात असेपर्यंत महिपत विडी ओढत नसे, चहाला हात लावत नसे. बुडी मारणाऱ्यांच्या बायका आधी विचारायच्या, दोराला कोण आहे? महिपत आहे म्हटलं की त्या निर्धास्त घरकामाला लागायच्या. पंचवीस वर्षांत त्याच्या दोराला बांधलेला एकही माणूस दगावला नव्हता. मी त्याच्या होडीचं इंजिन सांभाळायचो, म्हणून हे डोळ्यांनी बघितलेलं सांगतोय.

दोन हजार दोनच्या जानेवारीत त्याच्याकडे मुकुल आला. गावात ज्यांची आंब्याची शे-दीडशे कलमं आहेत त्या परशुरामपंतांचा, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या अण्णांचा, हा एकुलता एक मुलगा. मुंबईत कॉम्प्युटरवर काम करायचा. लक्षद्वीपला जाऊन स्कूबा शिकला आणि डोक्यात एकच घेऊन परतला, की असलं काही आपल्या रत्नागिरीतही असणार. किनाऱ्यापासून तीन तासांवर पाण्याखाली एक खडक आहे, आम्ही त्याला जाळफाडी म्हणतो. आमच्या बापजाद्यांनी त्याला शिव्याच दिल्या. मुकुलने तोच खडक मागितला.

पहिल्यांदा तो खाली जाऊन आला तेव्हा तोंडातली नळी काढायच्या आधीच बोलायला लागला. जांभळी पोवळी, पंख्यासारखी झाडं, माणसाला न भिणारे मासे. इथे देशोदेशीचे लोक येतील, म्हणाला, आणि त्यांना महिपतकाका घेऊन येतील. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. ज्या खडकाने आमची निम्मी जाळी खाल्ली तो एवढा देखणा निघावा, याचा खरं तर थोडा रागच आला.

त्या पाण्यात ओढ फार, म्हणून मुकुल पट्ट्याला दोर बांधून उतरायचा. दोर अर्थातच महिपतकडे. मुकुलने त्याला सोड्याची बाटली उघडून दाखवली. हळू उघडली तर काही होत नाही, फटकन उघडली की फसफसते. खोलातून माणूस भसकन वर आला की त्याच्या रक्ताचं तसं होतं, म्हणाला. दोराला मुकुलच्या टोकापासून तीन वावांवर, म्हणजे अठरा फुटांवर, तांबडी चिंधी बांधली होती. ती हाताला लागली की थांबायचं, मुकुल पुन्हा हिसका देईपर्यंत थांबायचं. महिपतने ते घरी दाराच्या चौकटीला दोर बांधून चार दिवस घोकलं. त्याची बायको सोनूबाई म्हणाली, म्हातारपणी शाळेत घातलाय काय. तोही हसला.

एके दिवशी मुकुलबरोबर बुडी मारायला मुंबईहून येणारा जोडीदार ऐनवेळी आलाच नाही. एकट्याने उतरू नये, हे त्यानेच आम्हाला सांगितलं होतं, तरी तो उतरला. सकाळी एकदा, जेवून पुन्हा एकदा. दुसऱ्या खेपेला बारा वाव पाण्यात बराच वेळ राहिला. मग ठरल्याप्रमाणे हिसका आला आणि महिपत हळूहळू दोर घेऊ लागला. तेवढ्यात बाजूने मोठी लाट आली, होडी उचलली गेली आणि दोराला असा जोराचा झटका बसला की महिपत अर्धा उभा राहिला. त्याला वाटलं, खाली माणूस तडफडतोय.

पुढचं सगळं दहा श्वासांत झालं. मी त्याला थांब म्हणून ओरडलो की नुसतं मनात म्हटलं, हे मला आजही सांगता येत नाही. तांबडी चिंधी त्याच्या हातातून सर्रकन वर आली, माझ्या पायाशी पडली, आणि त्याचे हात चालूच राहिले. पट्ट्याची गाठ खाली मुकुलला सुटेना. पंचवीस वर्षं ज्या हातांनी माणसं राखली त्यांना चार दिवसांचं शिकणं कुठून आठवणार?

मुकुल होडीत आला तो हसतच. काका, केवढी घाई, म्हणाला. पाव तासाने म्हणाला, पायांना मुंग्या येतात. मग त्याला उभं राहता येईना. उपाय त्याला ठाऊक होता, त्याने आम्हाला सांगितलाही. पुन्हा तितक्याच खोल उतरायचं आणि तासभर घेत वर यायचं. पण दोन्ही टाक्यांतली हवा संपली होती. महिपत रिकाम्या टाकीची चावी पिळत राहिला. मी इंजिन फाटेस्तोवर पळवलं, तरी किनारा यायला तीन तास लागायचे ते लागलेच. रत्नागिरीत त्यावर इलाज नव्हता. अशा माणसाला दाबाच्या हवेत ठेवायची खोली मुंबईत. रात्रभर गाडीत नेलं, सावर्ड्याच्या पुढे त्याला कमरेखालचं काही कळेनासं झालं. मुंबईच्या डॉक्टरांनी जीव वाचवला. पाय परत आले नाहीत.

आता गावाची अक्कल बघा. पोर पाण्यात बेशुद्ध झालं होतं आणि महिपतने त्याला ओढून काढलं, अशी बातमी आमच्या आधी घरोघर पोचली होती. गणपतीच्या आधी सभा घेऊन त्याला शाल आणि नारळ दिला. महिपत बोलायला उठला. मी त्याला वाचवलेलं नाय, माझ्या घाईनंच त्याचे पाय गेले, असं सरळ म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. किती साधा माणूस, म्हणाले. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मी उठून साक्ष द्यायला हवी होती, ती दिली नाही. इंजिनवाल्याला कोण विचारतं, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरलो.

मग तो अण्णांकडे गेला. अण्णांनी ऐकून घेतलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "महिपत, मनाला लावून घेऊ नको. तू होतास म्हणून मुलगा घरी आला." आंब्याच्या दिवसांत अण्णांकडून पहिली पेटी त्याच्या घरी येऊ लागली. सोनूबाई ती उघडायची, महिपत एकही फोड खायचा नाही.

दर शनिवारी तो मुकुलकडे जायचा. मुकुल पडवीत चाकांच्या खुर्चीत असायचा. मुंबईचे मित्र पहिल्या वर्षी आले, दुसऱ्या वर्षी फोनवर आले, मग तेही बंद झालं. महिपत त्याला पाण्याचं सांगायचा. ओढ कुठल्या बाजूला आहे, जाळफाडीवर कसले मासे लागले. मुकुल डोळे मिटून ऐकायचा.

एकदा मीही सोबत होतो. महिपतने त्याला हात जोडले.

"भाऊ, तुमी तरी अण्णांना खरं सांगा. माझं कुणी ऐकत नाय."

"सांगितलं तर अण्णा तुम्हाला या पडवीत येऊ देतील का?" मुकुल म्हणाला. "आणि तुम्ही आला नाहीत, तर माझ्याशी कोण बोलणार?"

महिपतने जोडलेले हात खाली घेतले. मला त्या क्षणी मुकुलचा राग आला आणि लगेच त्या रागाची लाज वाटली.

तेवढ्यात अण्णा पुण्याच्या एका पाहुण्याला घेऊन बाहेर आले. महिपतकडे बोट दाखवून म्हणाले, हाच तो, आमच्या मुलाला समुद्रातून यानेच वाचवलं. पाहुणा कौतुकाने पुढे सरकला. म्हणाला, खरंच तुम्ही वाचवलंत?

महिपतने मुकुलकडे बघितलं. मुकुलने मान खाली घातली होती.

"होय," महिपत म्हणाला.